रत्नागिरीत नुकत्याच लावलेल्या रूबार्बच्या (आंबट देठांसाठी लावली जाणारी थंड हवेतली भाजी) गड्ड्याचे देठ कधी काढावेत?

पहिल्या वर्षी एकही देठ काढू नये, कारण पानांनी तयार केलेले अन्न गड्ड्यात साठते आणि पुढची वाढ त्यावरच होते. मात्र कोकणातली खरी अडचण निराळी आहे: या झाडाला विश्रांतीसाठी सुमारे ५ अंशांखालची थंडी काही आठवडे लागते, ती किनाऱ्यावर मिळत नाही, आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले की गड्डा कुजतो. म्हणून तो मोठ्या कुंडीत, कोंब मातीच्या पातळीवर ठेवून, पागोळ्यांपासून दूर सावलीत ठेवावा. तरीही तो वर्षानुवर्षे टिकेल अशी आशा मी देणार नाही. पाने विषारी असतात, ती अळूसारखी कधीही शिजवू नयेत. केवळ आंबट चव हवी असल्यास अंबाडी लावावी.