फांद्यावाला पॉलिमर साबणाचं काम करतो का?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सर्फॅक्टंटसारखा (म्हणजे साबणासारखा, तेल आणि पाणी दोन्हींना धरणारा) वागणारा फांद्यावाला पॉलिमर बनवायचाय. आमचे सर म्हणतात त्याला सीएमसी (ज्या प्रमाणाच्या वर गेलं की सर्फॅक्टंटचे रेणू गोळा होतात ती हद्द) नसतो, हे खरं का? आणि त्यासाठी डेंड्रिमरच (थराथराने नेमक्या फांद्या वाढवलेला रेणू) लागतो का? – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : खरंय, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. एसडीएस हा नेहमीचा सर्फॅक्टंट घ्या, पाण्यात साधारण ८ मिलिमोलरच्या वर गेलं की साठेक रेणू गोळा होऊन त्यांचा पुंजका, म्हणजे मायसेल, होतो, आणि पाणी वाढवलं की तो मोडतो. १९९१ मध्ये न्यूकोम यांच्या गटाने आत सगळा हायड्रोकार्बन आणि बाहेर ३६ कार्बोक्झिल टोकं असलेला एकच मोठा रेणू बनवला, तिथे सगळं बाँडनेच जोडलेलं, त्यामुळे कितीही पातळ करा, मोडायला काही उरतच नाही. मात्र बाहेरच्या बाजूला तेलकट टोकं असली तर असे रेणूही एकमेकांना चिकटतात, म्हणून "सीएमसी नाही" हे थिसिसमध्ये सरसकट लिहू नका, मोजून बघा.

डेंड्रिमरच्या मागे लागू नका असं मी अगदी मनापासून सांगेन, एकेक पिढी वाढवायची, दर वेळी शुद्ध करायचं, त्यातच वर्ष जाईल. त्यापेक्षा ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या शेरिंग्टन यांच्या गटाची पद्धत घ्या, साधं फ्री रॅडिकल पॉलिमरायझेशन, त्यात थोडा डायव्हिनाइल मोनोमर (दोन साखळ्यांना जोडू शकणारा) फांद्यांसाठी आणि थायॉल (गंधकाचं संयुग) साखळ्या आखूड ठेवायला. थायॉल कमी पडलं की फ्लास्कमध्ये जेल बसलंच, म्हणून सुरुवातीला डायव्हिनाइलचे मोल थायॉलपेक्षा कमीच ठेवा. खरी गंमत डोडेकेनथायॉलमध्ये आहे, ते साखळी थांबवतं आणि जाताना टोकाला बारा कार्बनची शेपटी लावून जातं, सोबत पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) मेथाक्रिलेट घेतलं की पाण्याची बाजूही तयार. मग एकाच रेणूच्या कितीतरी शेपट्या तेलाच्या थेंबात रुततात, एखादी सुटली तरी बाकीच्या धरून असतात, लहान सर्फॅक्टंट मात्र सारखा येजा करत असतो.

यात मेथाक्रिलिक अ‍ॅसिडही घातलं तर पीएच उतरल्यावर त्याचे पीईजीशी हायड्रोजन बाँड होतात आणि इमल्शनचे (पाण्यात पसरलेल्या तेलाचे) थेंब एकमेकांना धरतात, पीएच चढवला की परत सुटे. लिव्हरपूलच्या वीव्हर, रॅनार्ड आणि कूपर यांनी हे २००९ मध्ये दाखवलंय, प्रोजेक्टला फार छान विषय आहे हा.

जीपीसीचा (रेणूच्या आकारावरून वजन काढायच्या पद्धतीचा) आकडा मात्र जपून वापरा, फांद्यांमुळे रेणू आटोपशीर असतो आणि सरळ साखळीच्या स्टँडर्डवर वजन कमी दिसतं. आणि थायॉलचं सगळं काम फ्यूम हूडमध्येच, वास भयंकर असतो.