जुन्या खुर्च्या विकल्या, मग पैसे गेले कुठे?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही चौघी बीकॉमला आहोत. उद्योजकतेच्या प्रोजेक्टसाठी जुनं फर्निचर घेऊन, दुरुस्त करून विकून राहिलो. कबाडीवाल्याकडून खुर्ची ३०० ला घेतो, ९०० ला विकतो, म्हणजे ६०० सुटायला पाहिजे न, पण महिन्याच्या शेवटी हातात काहीच नाही उरत. एक मैत्रीण म्हणते बंद करू. आणि जीएसटी नंबर लागतो का?
– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर: बंद नका करू गं, तुमचं काम मला मनापासून आवडलं. पण ते ६०० काही तुमचे नाहीत. ऑटोचं भाडं १०० धरा, पॉलिश पेपर, चपडा (पॉलिशसाठीची लाख), स्पिरिट, स्क्रू मिळून १५०, म्हणजे राहिले ३५०, आणि त्या खुर्चीवर सगळ्यांचे मिळून सात तास गेले असतील तर तासाला ५० रुपये पडले! प्रत्येक वस्तूचं वहीत वेगळं पान करा, कोणी किती तास घासलं तेही लिहा आणि मग भाव ठरवा. आपली मेहनत फुकट धरायची सवय मुलींना फार लवकर लागते, ती इथेच मोडा.

दुसरं म्हणजे माल घेतानाच निवडून घ्या, खरी कमाई तिथेच ठरते. पार्टिकल बोर्डचं टेबल फुकट मिळालं तरी नको, पाणी लागलं की ते फुगतं आणि परत बसत नाही. सागवान असेल तर पाय डुगडुगत असले तरी घ्या, सांधे फेविकॉल लावून शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) घट्ट आवळले की जमतं. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आत चालू आहे, घरी आणूच नका. लकडगंजला जाऊन एखाद्या जुन्या मिस्त्रीकाकांजवळ बसा, लाकूड कसं ओळखायचं ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

आपल्या इथल्या हवेचंही बघा, मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि जुलैत फुगतं, म्हणून उन्हाळ्यात ड्रॉवर अगदी फिट बसवला तर पावसाळ्यात तो अडकणार आणि गिऱ्हाईकाचा फोन येणार, थोडी फट ठेवाच. चपडा पॉलिश खुर्चीला छान दिसतं पण टीपॉयवर नको, गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो, तिथे मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश मारा.

एक मात्र कळकळीने सांगते, जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं विषारी शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते किती असेल सांगता येत नाही. ओला करून घासा, चांगला मास्क लावा, आणि घरात लहान लेकरू असेल तर हे काम घराबाहेरच करा.

जीएसटीचं म्हणाल तर वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आहे आणि माल महाराष्ट्रातच विकता, तोवर नंबर घ्यायची सक्ती नाही. पुढे धंदा म्हणून चालवायचं ठरलं तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.