वही घरी येते, सभा होत नाही

प्रश्न : महिलांसाठी राखीव प्रभागातून मी प्रथमच ग्रामपंचायतीवर निवडून आले आहे. तीन मासिक सभांपैकी एकाच सभेची नोटीस मला मिळाली. उरलेल्या दोन वेळी शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन घरी आला आणि "वहिनी, येथे सही करा" म्हणाला. एका ठरावाखाली अनुमोदक म्हणून माझे नाव होते. सरपंच आमच्याच पॅनलचे आहेत. विचारले तर "भाऊंना सांगितले आहे", म्हणजे माझ्या पतींना, असे उत्तर मिळते. मी काय करावे?
— एक सदस्या, सातारा जिल्हा

उत्तर : सही करू नये. जी सभा आपण पाहिली नाही, तिच्या उपस्थितीच्या नोंदीत आपले नाव आले, की त्या ठरावातून पुढे झालेल्या खर्चाची चौकशी आपल्याही दारी येते, आणि तेव्हा पॅनल सोबतीला नसते. भाऊंना सांगितले म्हणजे तुम्हाला सांगितले, असे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ कोठेही मानत नाही. राज्यात २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. तरीही ही सवय अनेक गावांत टिकून आहे, आणि ती टिकण्यात घरच्यांच्या हौसेचाही वाटा असतो, हे सांगणे भाग आहे.

सभेची लेखी नोटीस विषयपत्रिकेसह मिळावी, असा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. विषयपत्रिकेतील पहिला विषय बहुधा 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हाच असतो. नवे सदस्य तेथे मान डोलावतात. तुम्ही मात्र ते शब्दशः वाचायला लावावे, अनुमोदक म्हणून चुकीने आलेल्या नावाची दुरुस्ती मागावी आणि विरोध असल्यास तो नोंदवून घ्यावा. त्याहून अधिक लक्ष शेवटच्या 'ऐनवेळचे विषय' या ओळीवर ठेवावे, कारण ज्याची आधी चर्चा नको असते, ते खर्च पुष्कळदा तेथूनच मंजूर होतात. रोकडवही पाहायला मागण्यात संकोच नसावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांवर खर्च करायचा, होता. तो कोठे खर्च झाला, एवढा एकच प्रश्न विचारला तरी सभेतील बोलणे बदलते.

या सगळ्याआधी स्वतःची घरपट्टी भरलेली आहे ना, ते पाहावे. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास सदस्यत्व जाऊ शकते, आणि प्रश्न विचारणाऱ्या सदस्याची थकबाकी सर्वांत आधी शोधली जाते.