ठेकेदाराशी भांडायच्या आधी टेप हातात घे

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी चहा घेताना दोनदा वाचला. घर बांधायचं १६ लाखाचं उक्तं (एकरकमी ठरवलेलं) काम, त्यातले साडेतेरा देऊन झाले, दोन महिने झाले ठेकेदार साइटवर फिरकलेला नाही आणि वर म्हणतो अजून दीड लाख टाका मग माणसं लावतो. बाबांनी फंडाचे पैसे काढून दिलेत म्हणून तुला जास्त लागलंय हे पण कळलं मला. राग रास्तच आहे पोरी. पण ते दीड लाख आता देऊ नकोस आणि रागाच्या भरात पोलीस स्टेशनला पण जाऊ नकोस, तिथं बहुतेक वेळा हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून परतच पाठवतात आणि मग ठेकेदार आणखी निर्ढावतो.

आधी मोजमाप कर. तू लिहिलंस "निम्मं काम बाकी आहे". निम्मं म्हणजे किती गं? टॉयलेटच्या टाइल्स ७ फुटांपर्यंत ठरल्या होत्या आणि ४ फुटांवर थांबल्यात, हे असं लिहायचं. हॉलची फरशी बसली पण स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) नाही, तर किती रनिंग फूट, म्हणजे किती फूट लांबीची नाही ते लिही. बाहेरचं प्लास्टर कुठल्या भिंतीचं राहिलं, लांबी किती उंची किती. वायरिंगसाठी भिंतीत खाचा फोडून पाइप टाकलेत पण वायर ओढली नाही, पॉइंट मोजून लिही. टेप भिंतीला लावून आकडा दिसेल असे फोटो काढ, आणि मोजायला ठेकेदाराला पण बोलव, मेसेज टाकून, तारीख वेळ सांगून. आला तर त्याच कागदावर त्याची सही घे. नाही आला तर तुझे आर्किटेक्ट आणि शेजारचे एकदोघं यांच्या समोर मोज आणि त्यांच्या सह्या घे.

मग उरलेल्या कामाचं दोन दुसऱ्या ठेकेदारांकडून लेखी कोटेशन घे. समज ४ लाख ८० हजार आलं. तुझ्याकडून करारातले द्यायचे राहिलेत अडीच. म्हणजे २ लाख ३० हजार त्याच्याकडे जास्तीचे गेलेत. आता इथं मन मोठं करून एक गोष्ट मान्य कर, जोतं (घराचा चौथरा) दीड फूट वाढवायला तुम्हीच सांगितलं होतं, पावसाचं पाणी आत येतं म्हणून, आणि त्याच्या पैशांचं बोलणं झालंच नव्हतं. ते जादा काम आहे, त्याचा भराव, दगड, मजुरी त्याला लागलीच ना. त्याचे ६० हजार धरले तर तुझं येणं १ लाख ७० हजार. हा आकडा घेऊन तू बोलायला बसलीस की त्याला पण कळतं ही खोटं बोलत नाहीये, आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त भांडणं अशा कागदावरच मिटलीत.

मी हे इतकं जीव तोडून सांगतोय कारण माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी मी असं केलं नाही. मिस्त्री ओळखीतला होता, दर शनिवारी रोख हातावर ठेवायचो आणि डायरीत मीच लिहायचो, त्याची सही कधी घेतली नाही. शेवटी हिशोबाला बसलो तर तो म्हणाला एवढे मिळालेच नाहीत. माझ्या डायरीला कोण विचारतंय? तुझे बरेचसे पैसे ऑनलाइन गेलेत हे फार बरं झालं. बँकेचं स्टेटमेंट काढून ठेव आणि रोखीचे जे दिलेत ते मोजमापाच्याच कागदावर त्याच्याकडून कबूल करून घे. करारपत्र नाही म्हणून घाबरू नकोस, तोंडी ठरलेला करार पण करारच असतो, फक्त सिद्ध करावा लागतो. त्याचं कोटेशन आणि चॅट आहे ना, ते डिलीट करू नकोस आणि तो फोन विकू पण नकोस, चॅट कोर्टात द्यायचं तर सोबत ते खरं असल्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते कसं करायचं वकील सांगतील.

बैठकीत नाही जमलं तर १५ दिवसांची लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, काम पुरं करा नाहीतर पैसे परत. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. घर बांधून देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात सेवाच धरलीय, तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असली की जिल्हा आयोगच, तुझ्या रकमेला फी ४०० रुपये, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र २ वर्षं, तेव्हा "बघू दिवाळीनंतर" करू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व (केस दाखल करायच्या आधीच्या) लोकअदालतीला पण अर्ज करता येतो, तिथं कोर्ट फी नाही, पण तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, म्हणून सही करताना आकडा नीट वाच.

आणि त्या सेंट्रिंगवाल्या (स्लॅबच्या फळ्या लावणाऱ्या) पोरांवर राग काढू नकोस. त्यांची पण मजुरी त्याने अडवली असणार. त्यांनाच विचार, कुठलं काम कधी थांबलं ते तेच खरं सांगतील.

सगळ्यात घाई गच्चीची आहे. वॉटरप्रूफिंग अर्धं टाकून गेलाय आणि मृग तोंडावर आलाय, पाणी मुरलं तर स्लॅबचं नुकसान तुझंच होईल. मोजमाप आणि फोटो झाले, त्याला मेसेज गेला, की तेवढं काम लगेच दुसऱ्याकडून करून घे आणि बिल जपून ठेव. रविवारी सकाळी ८ ला मी येतो, १०० फुटी टेप माझ्याकडे आहे, तू वही आणि कोटेशनची झेरॉक्स घेऊन ये, आणि त्याला मेसेज आजच टाक.