तुरटी टाकली, ती गेली कुठे?

पावसाळ्यात तुरटीचा डोस वाढवला. पाणी एकदम नितळ, गढूळपणा १ एनटीयूच्या आत. तरी प्रयोगशाळेच्या अहवालात ॲल्युमिनियम ०.२८ मिलिग्रॅम प्रति लिटर. तुरटी कमी करू का? – गावच्या योजनेवरचा कर्मचारी

घाई करू नका. डोस एकदम घटवलात तर गढूळपणा वाढेल, मग क्लोरिनही नीट काम करणार नाही. जंतूंचं पाणी हे ०.२८ पेक्षा कितीतरी वाईट. पण अहवालही सोडून देता येत नाही. आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मर्यादा ०.०३ आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत चालतं.

हिशेब असा. लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास ॲल्युमिनियम. ते जवळजवळ सगळं फ्लॉकमध्ये, म्हणजे तुरटीनं बांधलेल्या गाळाच्या पुंजक्यांत, जाऊन खाली बसायला हवं. पाण्याचा पीएच (आम्लपणा दाखवणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) सहा ते सातच्या दरम्यान असताना ते सर्वांत कमी विरघळतं. आठच्या वर गेला की विरघळलेलं राहतं, आणि गाळणीची वाळू विरघळलेल्याला अडवत नाही. म्हणून पाणी काचेसारखं दिसतं आणि आकडा मात्र चढलेला असतो. उलट, पाण्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, कमी असेल तर तुरटीच पीएच सहाच्या खाली ओढते. तिथंही तोच घोटाळा.

तेव्हा एकाच पाण्याचे दोन नमुने पाठवा, एक आहे तसा आणि दुसरा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदातून काढलेला. गाळलेल्याचा आकडा बराच खाली आला, तर फ्लॉक फिल्टरमधून निसटतोय. बॅकवॉश (उलट्या पाण्यानं वाळू धुणं) आणि वाळूची पातळी बघा. दोन्ही सारखेच आले, तर दोष पीएचचा किंवा डोसचा. जार टेस्ट लावा, म्हणजे वेगवेगळ्या जारमध्ये वेगवेगळा डोस टाकून बघा, आणि दर जारचा पीएचही लिहून ठेवा. बरेच जण फक्त गढूळपणा बघून जार निवडतात, तिथंच चुकतं. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. नायट्रिक ॲसिड गाळल्यावरच टाका. मी नोकरीत नवा असताना आधी टाकलं होतं. फ्लॉक विरघळला, दोन्ही आकडे सारखे आले आणि आठवडाभर नसलेला दोष शोधत बसलो.

नळाचं पाणी कधीकधी पांढरट येतं. ते ॲल्युमिनियम का? – एक गृहिणी

काचेच्या ग्लासात घेऊन दोन मिनिटं ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे. तळाशी कापसासारखं काही बसलं तर जलशुद्धीकरण केंद्रातला फ्लॉक असू शकतो, तक्रार करा. विरघळलेलं ॲल्युमिनियम डोळ्यांना दिसतच नाही.

वडिलांचं डायलिसिस चालू आहे. नळाचं पाणी त्यांना चालेल का?

पिण्याचं आणि डायलिसिसचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. प्यालेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही आतड्यातून रक्तात जात नाही. डायलिसिसच्या एका बैठकीत मात्र शंभर लिटरहून जास्त पाणी पातळशा पडद्याआडून रक्ताला भिडतं. १९७० च्या दशकात यातूनच रुग्णांना स्मृतिभ्रंश आणि हाडांचे आजार झाले. म्हणून तिथं मर्यादा ०.०१ ची, आणि आरओ लागतो. डायलिसिस केंद्राकडे पाण्याचा अलीकडचा अहवाल मागा; मागायला संकोच कसला? वडील पित्तावर ॲल्युमिनियमची औषधं घेत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. घरच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा मला त्या औषधांची काळजी जास्त वाटते.

ॲल्युमिनियम वर्षातून एकदा तपासलं तर पुरे ना? – ग्रामपंचायत सदस्य

नाही. जुलै १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅमलफर्डच्या जलशुद्धीकरण केंद्रात टँकरने २० टन ॲल्युमिनियम सल्फेटचं द्रावण चुकीच्या टाकीत ओतलं. सुमारे २० हजार लोकांच्या नळांना ते पाणी गेलं, आणि खरं कारण लोकांना कळायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. वार्षिक तपासणीत असलं काही सापडत नाही. पीएच मात्र त्याच दिवशी घसरतो. तेव्हा पीएच आणि गढूळपणा रोज, दर पाळीला. ॲल्युमिनियम पावसाळ्यात महिन्याला एकदा तरी, आणि तुरटीचा पुरवठादार बदलला किंवा तुरटीऐवजी पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) सुरू केलं की लगेच. तुरटीच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारं रजिस्टर असतंच, त्यातच पीएचचा एक रकाना आखा.