सहावीतल्या मुलीला २क्ष + ३ म्हणजे ५क्ष का नाही, हे कसं समजवावं?

सूत्रं नंतर, आधी द्राक्षं आणा. आपल्या नाशकात सीझनला काय कमी आहे! दोन बंद पेट्या ठेवा, दोन्हीत सारखेच घड, बाजूला तीन सुटे. पेटीत किती घड आहेत ते सांगू नका, तो आकडा म्हणजे क्ष, आणि इथेच पोरं अडकतात, क्ष म्हणजे पेटी नाही, पेटीतल्या घडांची संख्या, हे दहादा सांगावं लागलं तरी सांगा. मग एकूण घड २क्ष + ३. आता उघडून मोजा, एकेका पेटीत ८ निघाले तर एकूण १९ होतात, ५क्ष धरलं तर ४०, तिलाच फरक दिसेल.

आणि कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ करून घेताना एक सांगाच, बेरीज-वजाबाकीत डावीकडून जे आधी येईल ते करायचं, २० - ५ + ३ म्हणजे १८, १२ नाही. भागाकार-गुणाकाराचंही तसंच.