ओला कचरा घरातच जिरवायचा असेल तर

कचऱ्याबाबतच्या सगळ्या सवयी एकदम बदलू नका, ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करा. कचराडेपोत हवेविना कुजताना तो मिथेन सोडतो, शिवाय सुका कचराही बरबटवतो. त्यापेक्षा घरीच त्याचं खत करा. त्यासाठी महागडं किट नको. झाकणाच्या जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर सुका पालापाचोळा. भाजीची देठं, सालं बारीक चिरून टाका आणि दर वेळी वर भरपूर पाला पसरा. विरजण म्हणून थोडं आंबट ताक शिंपडलं तरी चालतं.

वास आला की नवी माणसं घाबरून बादली बंद करतात. तुम्ही तसं करू नका. वास म्हणजे आत पाणी जास्त, हवा कमी. ढवळा, कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा घाला. आतलं मिश्रण मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं, पाणी गळू नये. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या कचराच खातात. हाडं, तेलकट उरलंसुरलं सुरुवातीला टाळा. आणि हे विसरूच नका: पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच एखादं पोतं भरून ठेवा. साधारण दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. कुंडीत ते मातीत मिसळूनच घाला.